अनंता, तू दारू पीत नव्हतास

दोन हजार चोवीस साल होतं आणि मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा मी तुझ्या नावाने देवाला कौल लावला. त्या वयाच्या माणसाकडे जेवढी अक्कल असायला हवी तेवढी माझ्याकडे नव्हती. आता पंचाहत्तरी चालू आहे. तू नाहीस. आणि मी पाटीपेन्सिल सोडल्यापासून पहिल्यांदा एवढं लांबलचक लिहायला बसलोय, तेही तुला, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या.

तुझे विद्यार्थी आले होते. तुझ्या नावाने स्मरणिका काढणार आहेत. मला बोलले, "दादा, सरांचे मोठे भाऊ तुम्ही. दोन शब्द द्या." मी बोललो, चौथीपर्यंत गेलेला माणूस काय शब्द देणार. तर त्यांच्यातली एक मुलगी बोलली, "सर वर्गात तुमचा दाखला द्यायचे. उघाडीवाले दादा." मला हे माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस. जी गोष्ट ऐकून मला बरं वाटलं असतं ती तू नेमकी स्वतःजवळ ठेवायचास. ही तुझी खोड लहानपणापासूनची.

तुझा जन्म कधीचा, नोकरीला कधी लागलास, कुठली पदवी, ते सगळं ते लोक लिहितील. मला जे बोलायचं होतं आणि बोललो नाही ते मी लिहितो. छापायचं तर छापोत.

आपले बाबा दारूने गेले. हे लिहायला मला लाज नाही, सगळ्या वाडीला ठाऊक आहे. ते गेले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि तू बारा. चिता विझत आली होती. मी तुझा हात धरला, राखेजवळ नेला आणि बोललो, "आयुष्यात थेंबाला शिवणार नाय, असं बोल." तू बोललास. रडत होतास, तरी बोललास. मी पण बोललो. मग मी तुला शाळेत पाठवत राहिलो आणि स्वतः बांधावर गेलो. हे मी उपकार म्हणून काढत नाही. उपकार काढायचे असते तर पन्नास वर्षं थांबलो नसतो.

ज्यांना आपलं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे खाडीच्या कडेला बांध आहे. पलीकडे खारं पाणी, अलीकडे भाताचा मळा. बांधात लाकडी झापांची दारं बसवलेली, ती उघाडी. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या रेट्याने झाप आपोआप लागते. ओहोटी झाली की मळ्यात साचलेलं पाणी तिला आतून ढकलतं आणि खाडीत निघून जातं. बाबांच्या मागे ती उघाडी मी राखली. आधी दगडामातीची, मग सिमेंटची, झापा मात्र लाकडाच्याच. एक भरती जरी आत शिरली तरी तीन वर्षं मळ्यात भात होत नाही.

तू मुंबईत इतकी वर्षं शिकलास आणि परत आलास तेव्हा मी तुला बांधावरच विचारलं, "एवढा काळ काय शिकलास रे?"

तू बोललास, "एका दाराचा अभ्यास केला."

मी हसलो. "दाराचा? मग मुंबईला कशाला गेलास? हिथं माझ्याजवळ बसायचं होतंस. दोन पावसात तयार केला असता."

तू पण हसलास. पाय खाडीत सोडून बसलास, नवी पँट भिजली ते तुला कळलं नाही, आणि सांगायला लागलास. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं. जेवणातली साखर त्या पेशीत जाते. तिथं ती जाळून शक्ती मिळते. गरजेपुरती जाळून झाली की उरलेल्याची चरबी करून ठेवायची, पुढच्या दिवसांसाठी. त्या चरबीच्या वाटेवरचं पहिलं मोठं दार म्हणजे एक एन्झाइम. त्याचं नाव तू सांगितलंस. असिटिल कोए कार्बॉक्सिलेज. ते माझ्या तोंडात बसायला पंधरा दिवस लागले. मळ्यात चिखल करताना बैलांना ऐकवायचो. तुझी वहिनी बोलायची, "वेड लागलं काय तुमाला?" आज ती नाही, तू नाहीस, नाव तेवढं राहिलं.

"हे दार सारखं उघडं नसतं, दादा," तू बोललास. "पेशीत माल साचला की सायट्रेट नावाचं एक द्रव्य वाढतं. ते येऊन दार उघडतं. चरबी भरपूर तयार झाली की तीच चरबी मागे फिरून दार लावते."

"म्हणजे भरला मळाच झाप ढकलतो."

"तसंच. आणि उपास पडला, अंगातली शक्ती उतरली, की त्या दाराला फॉस्फेटची पाचर बसते. दार बंद. मग गोड खाल्लंस की रक्तात इन्सुलिन येतं, ते पाचर काढायला लावतं. दार परत उघडं. आणि जोवर चरबी बनवायचं काम चालू आहे तोवर चरबी जाळायचं दार लागलेलं असतं. दोन्ही एका वेळेला चालत नाहीत."

हे मला पटलं. मळ्यातलं पाणी बाहेर पडत असताना खाडी आत येत नाही, हे मी रोज बघतो. पण एक गोष्ट पटली नाही आणि ती मी तुला तिथंच विचारली. "तिथं राखण कोण?"

"राखण कोणी नाही."

"असं कसं? दार आहे तर राखणारा पायजे."

"दादा, तुझी झाप कोण लावतं? समुद्रच लावतो ना?"

"लावतो समुद्र. पण फांदी अडकली तर कोण काढतं? कुर्ल्यानी बिळं करून बांध पोखरला तर कोण बुजवतं? तुझा समुद्र?"

तू डोकं खाजवलंस. मला आठवतं. मोठा शिकलेला माणूस माझ्यापुढे डोकं खाजवत बसला म्हणून मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले. मग तू बोललास की तिथं जो माल आहे तोच हुकूम आणि तोच पहारा. कमी पडला तर दार असं, जास्त झाला तर तसं. मधे माणूस नाही. मी बोललो, मधे माणूस नसेल तर बिघडल्यावर शिव्या कुणाला घालायच्या? तू बोललास, "हाच तर प्रश्न आहे, दादा. शिव्या घालायला कुणी नाही."

हे भांडण आपण चाळीस वर्षं पुरवलं. गणपतीला, शिमग्याला, तू माझ्याशेजारी घर बांधलंस त्या वास्तूच्या जेवणाला. तू नवीन काहीतरी वाचून यायचास. बोलायचास, आता कळलंय की रोजच्या रोज गोड आणि भात जास्त होत राहिला तर पेशी नुसतं दार उघडून थांबत नाही, आणखी दारं बांधायला घेते. आत एक हुकूमपत्र असतं, त्यावरून नवे एन्झाइम तयार होतात. मी बोलायचो, "हुकूमपत्र लिहिलं कुणी?" आणि सुमन आतून ओरडायची, "पानं वाढलीत, आधी जेवा, मग लिवा हुकूमपत्रं."

सुमनचं सांगतो, कारण पुढे ती येते. सुमन तुझी बायको. माझ्यापुढे डोक्यावरचा पदर तिने कधी खाली येऊ दिला नाही आणि आवाजही कधी खाली येऊ दिला नाही.

मग तो रिपोर्ट आला.

तू वाळत चालला होतास. पोट तेवढं पुढे. मीच तुला रत्नागिरीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं, बळेबळे. डॉक्टरने कागद बघितले आणि तुला माझ्यादेखत विचारलं, "रोज किती घेता?"

तू बोललास, "घेत नाही."

तो हसला. "इथं बसलेले सगळे असंच सांगतात." लिव्हर आतून वाळलंय, त्याला गाठी आल्यात, असं त्याने सांगितलं. आणि मी त्या खुर्चीत बसून बाबांचं पोट बघत होतो. तसंच. तसंच पुढे आलेलं, बाकी काड्या.

एसटीत तू मला समजावत होतास. "दादा, न पिता पण हे होतं. मला साखरेचा आजार आहे, दहा-बारा वर्षं झाली. माझं लिव्हर इन्सुलिनचं अर्धंच ऐकतं. साखर बनवणं थांबव, हा हुकूम त्याला ऐकू येत नाही. चरबी बनव, हा हुकूम बरोबर ऐकू येतो. एका कानाने बहिरं. त्यामुळे दार उघडंच राहिलं. आधी चरबी साठली, मग सूज, मग हे."

मी खिडकीतून बघत होतो. बोललो, "चरबी? हाडं मोजता येतात तुजी."

"बारीक माणसाला पण होतं. चरबी बाहेर दिसत नाही, आत साठते."

तेव्हा मी जे बोललो तेही लिहितो. मी बोललो, "पिणाऱ्याला गोष्टी सुचतात. बाबांना पण सुचायच्या. तुज्या फक्त इंग्लिश हायत."

तू गप्प झालास. घरापर्यंत गप्प.

त्या वेळी तू ओरडायला हवं होतंस. मला त्याचा राग आहे, अनंता. माझ्या अंगावर यायचं होतंस. माझी कॉलर धरायची होतीस सगळ्या एसटीत. तू शहाणा माणूस, तू गप्प बसलास, आणि गप्प बसलेला माणूस मला खोटा वाटतो. आपल्या घरात खोटं बोलणारा माणूस नेहमी आधी गप्प बसायचा, हे तुला पण ठाऊक होतं.

आठ दिवस मी जेवलो नाही नीट. मग सोमवारी सकाळी देवळात गेलो.

आपल्याकडे लग्न जमेना, गुरं हरवली, विहिरीला पाणी लागेना, माणूस देवाला विचारतो. गुरव पाषाणाला दोन ओल्या कळ्या चिकटवतो, एक डावीकडे, एक उजवीकडे. मागणं मागायचं आणि थांबायचं. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. आजवर मी कौल लावून बांध घातला, मुलीचं लग्न केलं. माझा देव माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

देवळात सात-आठ माणसं होती. सोनू होता, पलीकडच्या आळीतला, ज्याचं माझ्याशी बांधावरून कायम वाकडं. मला ते दिसत होतं. तरी मी मोठ्याने बोललो. मला हळू बोलता येत नाही. "देवा म्हाराजा, माजा भाऊ चोरून पितो. पीत असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे."

थोडा वेळ काही झालं नाही. मग उजवी पडली.

सोनूने नुसतं नाक ओढलं. संध्याकाळच्या आत वाडीभर झालं.

तू दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी आलास. आपल्या दोन घरांपुढच्या खळ्यांच्या मधे तो जांभ्या दगडाचा गडगा, कमरेएवढा. तू पलीकडे उभा राहिलास. तोंड पांढरं पडलं होतं. तू आवाज चढवला नाहीस. बोललास, "दादा, जन्म गेला माझा ह्या एका दारामागे. आणि तू दगडाला दोन कळ्या चिकटवून माझ्या लिव्हरचा रिपोर्ट काढलास."

मी बोललो, "देवाला दगड बोलू नको."

तू बोललास, "मी बाबांच्या राखेवर बोललो होतो. तू हात धरला होतास माझा. ते पण विसरलास?"

मी बोललो, "तू विसरलास म्हणून तर देवाकडे जावं लागलं."

बस. एवढंच. त्यानंतर आपण बोललो नाही. शिमगा गेला. पालखी माझ्या खळ्यात आली, तुझ्या खळ्यात गेली, आपण दोघं दोन बाजूंनी तिला खांदा दिला आणि एकमेकांकडे बघितलं नाही. लोक बघत होते. मला अभिमान वाटत होता की मी हललो नाही. आता त्या अभिमानाचं काय करू ते कुणी सांगत नाही.

मग तुझे डोळे पिवळे झाले. मी गडग्यापलीकडून बघितले.

काविळीला आपल्याकडे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेल बंद, तूप बंद, नारळ बंद, मासळी बंद. पेज आणि उसाचा रस. रस जेवढा जाईल तेवढा. आपल्या आईने अख्ख्या वाडीची कावीळ अशी उतरवली. मी निरोप पाठवला सुमनला की फोडणी बंद कर. आणि पहाटेच्या एसटीने हायवेवर जायला लागलो, रसवंतीवर. पहिला रस, बिनबर्फाचा, आलं घालून. स्टीलच्या डब्यात भरून आठाच्या आत गडग्यावर आणून ठेवायचो. हाक मारायचो नाही. डबा ठेवताना जरा वाजवायचो. सुमन येऊन न्यायची, दुपारी धुऊन परत ठेवायची.

तू पडवीत बसून प्यायचास. माझ्या ओटीवरून दिसायचं. सावकाश, घोट घोट, शेवटपर्यंत. मला बरं वाटायचं. मी बोलत नाही, पण पाजतोय. मनात बोलायचो, दारूने केलेलं उसाने धुऊन निघेल.

दीड महिना आणला. एक दिवस चुकवला नाही. रसवंतीवाला बोलायचा, "आजोबा, एवढ्या लांबून? पेशंट कोण?" मी बोलायचो, "भाऊ." त्याला पुढचं विचारू द्यायचो नाही.

एका सकाळी तू स्वतः आलास डबा न्यायला. काठी धरून, चार पावलं. डबा उचललास, झाकण काढून वास घेतलास. बोललास, "दादा, काल आलं जास्त झालं होतं."

सहा महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य. मी काय बोललो? "पी गप."

तू मान हलवलीस आणि गेलास. मला आजही वाटतं की तू तिथं जरा थांबला होतास. एखादा श्वास जास्त. मी बोललो असतो तर बोलणं झालं असतं. पण मी डब्याचं दुसरं झाकण शोधत होतो, उगाचच. त्यानंतर चार दिवसांनी तुला रक्ताची उलटी झाली. रत्नागिरीला नेलं, दोन दिवस ठेवलं. तिथं तू कुणाला ओळखत नव्हतास. मी तुझ्या पायाशी उभा होतो, उशाशी गेलो नाही.

तेराव्याला पंगत होती. मी वाढत होतो. दुसऱ्या ओळीत सोनू बसला होता, बाजूच्याला बोलत होता, हळू बोलल्यासारखं करून. "एवढा प्रोफेसर झाला. शेवटी बापाच्याच वाटेनं गेला."

माझ्या हातात भाताचं भांडं होतं. मी त्याच्या पानात भात वाढला. काय बोलणार? त्याने जे सांगितलं ते माझ्याच तोंडचं होतं. देवळात मीच बोललो होतो, तेही मोठ्याने.

माणसं गेल्यावर सुमन माझ्या खळ्यात आली. संध्याकाळ व्हायची होती अजून. तिच्या हातात तुझी औषधाची पिशवी होती, टाकून द्यायला काढलेली. ती खाली बसली आणि पिशवी उपडी केली. सुया, इंजेक्शनची पेनं, साखर मोजायचं यंत्र, एक वही.

"दादा, तुमाला ठाऊक हाय ना त्याना साखर होती?"

"बोलला होता एसटीत. पण थोडीबहुत सगळ्यांना असते."

"थोडीबहुत." ती हसली, पण तसं हसणं मी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. "तुमचा डबा वाजला की ते आधी बोट टोचून साखर बघायचे. मग नेहमीपेक्षा जास्तीचं इंजेक्शन घ्यायचे. मग अर्धा तास थांबायचे. मग रस प्यायचे. दुपारी परत साखर. सगळं लिवलंय वहीत."

मी बोललो, "रस तर उसाचा. झाडाचं पाणी ते. साखर कुठे आली त्यात?"

"दादा," ती बोलली, "साखर मग कशाची करतात?"

पंचाहत्तर वर्षांचा माणूस, अनंता. आयुष्यभर गूळ खाल्ला, ऊस खाल्ला. मला खरंच असं वाटत होतं की काविळीचा रस वेगळा. तो औषध. गोडाने दार उघडतं, हे तू मला बांधावर बसून सांगितलं होतंस, माझ्याच झापेचा दाखला देऊन. मी ते नाव पाठ केलं. नाव पाठ करून मला वाटलं की मला कळलं. आणि तेल-तुपाला बंदी करून मी रोज सकाळी एसटीने जाऊन डबाभर साखर आणत होतो.

"मग तू सांगितलं का नाहीस मला?" मी तिच्यावर ओरडलो. "तोंड होतं ना तुला?"

ती घाबरली नाही. "सांगायला निघाले होते. दुसऱ्याच दिवशी. त्यानी शपथ घातली. बोलले, दादा डबा घेऊन येतो म्हणजे दादा येतो. रस नको बोललो तर तो यायचा बंद होईल. मग काय उरलं आमच्यात?"

मी सुया एकेक करून पिशवीत भरायला लागलो.

"रसाने मेले नाहीत ते," ती बोलली. "डॉक्टरना विचारलंय मी. लिव्हर केव्हाच संपलं होतं. रसाने चार दिवस मागेपुढे. ते मनात धरू नका. पण दुसरं धरा. तुमच्या भावाने आयुष्यात थेंब घेतला नाही. छत्तीस वर्षं त्यांच्या शेजारी निजले मी. मला वास आला नसता? तुमी देवाला विचारलंत. मला का नाय विचारलंत?"

गडग्यापलीकडे राहणाऱ्या बाईला विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारलं नसतं. धाकट्या भावाच्या बायकोला विचारायचं म्हणजे आपलं तोंड लहान होतं असं मला वाटलं असतं. देवाला विचारताना तोंड लहान होत नाही. उलट चार माणसांत आपला मान दिसतो.

ती गेल्यावर मी वही उघडली. तुझं अक्षर शेवटी शेवटी खूप बिघडलं होतं. आकडे होते, वेळा होत्या. सकाळच्या वेळेपुढे रोज एकच शब्द. 'दादा.' रस असं कुठेच लिहिलं नव्हतंस.

मला तुझा राग येतो, हे मी लपवत नाही. तू रोज विष पचवत बसलास आणि मला पुण्य करतोय असं वाटू दिलंस. हे प्रेम असेल तर वाईट प्रेम आहे. एवढं शिकून तुला दुसरा उपाय सुचला नाही? गडगा कमरेएवढा होता. तू ओलांडायचा होतास. मी ओलांडणार नव्हतो, तुला ठाऊक होतं. मग तुझ्यावरच होतं ना? हे असं बोलून मी परत तुझ्यावर ढकलतोय, ते मला कळतंय. ढकलतो मी. मला दुसरं येत नाही.

आणि आपलं जुनं भांडण. राखण कोण, हे. मी चाळीस वर्षं बोलत आलो की राखणारा पायजे, म्हणजे बिघडल्यावर त्याला धरता येतं. तू आजारी पडलास तेव्हा मला धरायला कुणीतरी हवा होता. तुझ्या पेशीत कुणी सापडेना, म्हणून मी तुलाच धरला. तू सांगत होतास, कुणी चुकलं नाही, दादा, दार बिघडलं. मला ते ऐकवेना. माणूस चुकल्याशिवाय माणूस मरतो हे मला मान्यच नव्हतं. अजून पूर्ण मान्य नाही. तू असतास तर मी अजून भांडलो असतो. पण एवढं मान्य की तू चुकला नव्हतास.

देवाबद्दल मी काही बोलणार नाही. उजवी कळी ओली कमी लागली असेल, वारा आला असेल. किंवा मी 'पीत असेल तर' असं विचारलं तेव्हा माझ्याच मनाने उत्तर ठरवलं होतं, आणि देव बोलला असेल, घे बाबा, तुला हेच हवंय तर. तो आणि मी बघून घेऊ.

तुझे आभार मानायचे राहिले आहेत. तुझ्या वर्गात बसलेल्या मुलांना तू माझी उघाडी दाखवलीस, न बघता ती त्यांना ठाऊक झाली. चौथी शिकलेल्या माणसाला तू पेशीच्या आत नेऊन आणलंस. बांधावर बसून माझ्याशी असं बोललास की जसा मी तुझ्या बरोबरीचा. असं माझ्याशी दुसरं कुणी बोललं नाही, आता बोलणारही नाही.

सुमन येऊन गेली ती तेराव्याची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि लग्नाचं आवतण द्यायला निघतात तसा वाडीत निघालो. पहिलं घर सोनूचं धरलं. मुद्दाम.

त्याची बायको अंगण सारवत होती. बोलली, "दादा? सकाळीच? कसलं आवतण?"

"आवतण नाय. सोनूला बाहेर बोलव."

तो आला, टॉवेलने तोंड पुसत. "बसा, दादा. चहा घ्या."

"बसायला नाय आलो. अनंता दारू पीत नव्हता. आयुष्यात प्याला नाय. त्याचं साखरेनं लिव्हर गेलं. देवळात मी बोललो ते खोटं. मी चुकलो."

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "पण दादा, देवानं कौल दिला होता. मी होतो तिथं."

"सवाल मी घातला होता. वाकडा घातला. ते देवाच्या नाय, माझ्या माथी."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी थांबलो नाही. पुढच्या घरी गेलो, तेच बोललो. त्याच्या पुढच्या घरी तेच. कुणी हो बोललं, कुणी नुसतं बघितलं, एका म्हातारीला ऐकू येत नाही म्हणून तिला तीनदा ओरडून सांगितलं, तिसऱ्यांदा ती बोलली, "माजा इस्वास कदी बसलाच नव्हता रे." वाडीत बावीस घरं आहेत. एकोणीस घरांत माणसं भेटली. राहिलेली तीन घरं मुंबईला असतात, गणपतीला येतात. त्यांच्या कुलपापुढे उभा राहिलो, टोपी काढली आणि प्रत्येक दारात पहिल्यापासून सगळं मोठ्याने बोललो.